उरलेल्या बारा गोळ्या : क्विनाइनच्या दुष्परिणामांचं एक प्रकरण

रुग्ण ६३ वर्षांच्या बाई, गडचिरोली जिल्ह्याच्या धानपट्ट्यात राहणाऱ्या. पाच महिन्यांत तीन वेळा त्यांच्या प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्या. पहिल्या खेपेला निदान झालं डेंग्यूचं. दुसऱ्या खेपेला आयटीपीचं, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं त्या आजाराचं. तिसऱ्या खेपेला त्या आमच्याकडे आल्या तेव्हा खरं कारण हाती लागलं : पोटरीत गोळे येतात म्हणून अधूनमधून घेतलेली क्विनाइनची गोळी. प्रकरण काही वर्षांपूर्वीचं आहे, आणि रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हिवतापाच्या भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना क्विनाइन नवं नाही. १८२० साली पेल्तिये आणि काव्हाँतू या फ्रेंच संशोधकांनी ते सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये एका पैशाला एक पुडी या भावाने ते पोस्टात मिळू लागलं. इतक्या जुन्या, ओळखीच्या औषधाचा धाक उरत नाही, घरात नाही आणि दवाखान्यातही नाही. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण एकाच पाकिटातल्या गोळ्यांनी एकाच घरातल्या सासू-सुनेला दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी त्रास दिला, आणि त्यातला कमी जोखमीचा त्रास सगळ्यांच्या लक्षात राहिला.

पहिली खेप : ऑगस्ट

रोवणीचे दिवस होते. दिवसभर बांधीत वाकून काम, रात्री पोटऱ्यांत गोळे. एका रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांत बाईंना हुडहुडी भरली, कंबर दुखायला लागली, दोनदा उलटी झाली. सकाळी पाहतात तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेना. गालाच्या आतल्या बाजूला काळसर, रक्ताने भरलेले फोड आले होते.

तालुक्याच्या ठिकाणी रक्त तपासलं : प्लेटलेट ६,०००. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात. ऑगस्ट महिना, थंडी वाजून ताप, प्लेटलेट कमी. एवढं जुळल्यावर आपल्याकडे दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली, हिवतापाची रक्तपट्टीही निगेटिव्ह आली. तरी कागदावर 'डेंग्यूसदृश ताप' असंच लिहिलं गेलं. प्लेटलेटच्या चार पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी आकडा होता ७,०००, म्हणजे चढवलेल्या प्लेटलेटही जणू कुठे नाहीशा झाल्या.

मग तिसऱ्या दिवसापासून आकडा आपोआप वर येऊ लागला आणि आठवड्याभरात दीड लाखावर गेला. दरम्यान मुलाने पपईच्या पानांचा रस पाजायला सुरुवात केली होती. श्रेय अर्थातच त्या रसाला गेलं.

या पहिल्या खेपेच्या कागदांत तीन गोष्टी होत्या ज्या डेंग्यूत नीट बसत नव्हत्या. डेंग्यूत प्लेटलेट उतरायला काही दिवस लागतात, आणि बहुधा ताप ओसरायच्या सुमारास त्या तळ गाठतात. इथे एका रात्रीत सगळं झालं होतं. दुसरं म्हणजे पांढऱ्या पेशी आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) अगदी जागच्या जागी होते. आणि ताप म्हणावा तर तो त्या एका रात्रीपुरताच.

दुसरी खेप : ऑक्टोबर

धान कापणीच्या तोंडावर पुन्हा तेच. हुडहुडी, उलटी, सकाळी ठिपके, नाकातून रक्त. प्लेटलेट ८,०००. या वेळी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं. तिथे डेंग्यू बाजूला ठेवला गेला हे चांगलं झालं, पण निदान आयटीपीचं झालं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ५० मिलिग्रॅम सुरू केलं, प्लेटलेटच्या दोन पिशव्या चढवल्या. पाच-सहा दिवसांत आकडा लाखावर गेला, त्यामुळे स्टिरॉइड लागू पडलं असं सगळ्यांना वाटलं. गोळ्या हळूहळू कमी करत डिसेंबरपर्यंत १० मिलिग्रॅमवर आणल्या. त्या काळात चेहरा सुजला, झोप उडाली आणि पूर्वी कधी नसलेली साखर जेवणानंतर २४० पर्यंत चढली.

तिसरी खेप : डिसेंबर

आमच्याकडे आल्या तेव्हा प्लेटलेट ५,००० होत्या. सोबत जाडजूड फाइल आणि 'आयटीपी पुन्हा उलटला' अशी चिठ्ठी. बोन मॅरो तपासणीचं ठरलं होतं.

फाइलमधले आकडे एका कागदावर तारखांप्रमाणे ओळीने मांडले आणि चित्र बदललं. तीन खेपा, प्रत्येक वेळी एका रात्रीत घसरगुंडी, प्रत्येक वेळी आठवड्याभरात पूर्ण भरपाई, स्टिरॉइड नसतानाही आणि असतानाही, मधल्या सगळ्या तपासण्यांत आकडा दोन लाखांच्या पुढे. मोठ्या माणसांमधला आयटीपी सहसा असा वागत नाही. तो रेंगाळतो, औषध कमी केलं की हळूहळू उतरतो. असा कडेलोट आणि इतकी साफ सुधारणा दिसली की बाहेरून काहीतरी येतंय आणि निघून जातंय, असं धरून चालावं लागतं. बाहेरून येणारं बहुधा औषधच असतं.

रोजची औषधं दोन होती : अँम्लोडिपिन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड, दोन्ही रक्तदाबाची. थायाझाइडमुळे क्वचित प्लेटलेट कमी होतात, म्हणून पहिला संशय त्यावर गेला. पण दोन्ही गोळ्या तिन्ही खेपांमध्ये, अगदी रुग्णालयातही चालू होत्या, आणि त्या चालू असतानाच प्लेटलेट वर आल्या होत्या. त्यामुळे दोन्ही निर्दोष ठरल्या.

'दुसरं काही औषध घेता का?' या प्रश्नाला बाईंनी तिन्ही रुग्णालयांत 'नाही' असंच उत्तर दिलं होतं, आणि ते त्यांच्या समजुतीप्रमाणे खरं होतं. म्हणून प्रश्न बदलला : "मावशी, ज्या रात्री त्रास सुरू झाला, त्या संध्याकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सांगा. पान, काढा, चूर्ण, प्रसाद, सगळं."

त्यांनी जेवण सांगितलं, तंबाखू सांगितला. मग म्हणाल्या, "आणि ते पोटरीची गोळी."

"ती कुठली?"

"ते औषध कुठं होय डॉक्टर. गोळा आला का झोप लागत नाही, म्हणून घेते एखादी."

सून सातव्या महिन्यात होती, सोबतच होती. तिचा चेहरा एकदम बदलला. संध्याकाळी मुलगा घरी जाऊन एक स्टीलचा डबा घेऊन आला. त्यात सुईदोरा, रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि एक कापलेली पट्टी होती : क्विनाइन सल्फेट, ३०० मिलिग्रॅम. चार गोळ्या शिल्लक होत्या.

गोळ्या घरात कशा आल्या

जुलैत सुनेला हिवताप झाला होता. आशाताईंनी किटवर तपासलं, फाल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार निघाला. तिला दुसरा महिना चालू होता. तेव्हाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमानुसार पहिल्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला आर्टेमिसिनिनची औषधं देत नसत, सात दिवस क्विनाइन देत. (पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तिमाहीतही आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन द्यावं अशी शिफारस केली.) तिला ६०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे सात दिवसांच्या ४२ गोळ्या मिळाल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या कानात रातकिड्यांसारखा आवाज सुरू झाला. बोललेलं दुरून आल्यासारखं वाटे. मळमळ, गरगरणं, डोकेदुखी, नजर थोडी अंधुक. पाचव्या दिवसाअखेर तिने गोळ्या बंद केल्या. बारा उरल्या. ताप गेला होता, नंतरची रक्तपट्टीही निगेटिव्ह आली, पण दोन दिवस आधी उपचार सोडल्याने हिवताप उलटण्याचा धोका तिने नकळत पत्करला होता. त्रास होईल, ऐकू कमी येईल, गोळ्या संपल्या की दोन-तीन दिवसांत सगळं जाईल, आणि उपाशीपोटी राहायचं नाही, एवढं तिला आधी सांगितलेलं असतं तर तिने बहुतेक डोस पुरा केला असता.

तिला जे झालं त्याला सिंकोनिझम म्हणतात. हा मात्रेचा परिणाम आहे : रक्तातलं क्विनाइन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की कान वाजू लागतात, आणि हिवताप बरा करायला सर्वसाधारणपणे ८ ते १५ मिलिग्रॅमची पातळी लागते. म्हणजे पुरेसं औषध घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला थोडाफार सिंकोनिझम होणारच. आजारपणात रक्तातलं अल्फा-१ अँसिड ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन वाढतं, ते क्विनाइनला धरून ठेवतं, त्यामुळे मोकळं क्विनाइन कमी राहतं. हिवतापाचा रोगी जी मात्रा सोसतो, तीच निरोगी माणसाला जास्त झोंबते, ती यामुळे.

मात्रा याहून वर गेली की मामला गंभीर होतो. रक्तातली पातळी लिटरला १५ मिलिग्रॅमच्या वर गेली की डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याची भीती असते. जास्त गोळ्या घेतलेला माणूस काही तासांत पूर्ण आंधळा होऊ शकतो, बाहुल्या विस्फारलेल्या राहतात. मधली दृष्टी पुष्कळदा परत येते, कडेची कायमची अधू राहू शकते. यावर उतारा नाही. वेळेत आलेल्या रुग्णाला सक्रिय कोळसा पुन्हा पुन्हा देतात आणि हृदयाचा आलेख सतत बघत राहतात, कारण क्विनाइन हृदयाच्या विद्युतवहनातही अडथळा आणतं, त्यातून जीवघेणी लय सुरू होऊ शकते. प्रौढ माणसाला सरासरी ८ ग्रॅम प्राणघातक मानले जातात, पण मृत्यू याहून खूप कमी मात्रेतही झाले आहेत. डब्यात राहिलेल्या बारा गोळ्या म्हणजे ३.६ ग्रॅम. घरात रांगतं मूल असेल तर हा आकडा मोठा आहे.

गरोदरपणात आणखी एक धोका असतो आणि सुनेच्या बाबतीत तो कुणी तपासला नव्हता. क्विनाइन स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, त्यामुळे रक्तातली साखर उतरते. १९८३ मध्ये थायलंडमधल्या अभ्यासात हे स्पष्ट झालं, आणि गरोदर बायका त्यात विशेष सापडतात. मेंदूच्या हिवतापात बेशुद्ध असलेल्या बाईची शुद्ध हरपली आहे ती हिवतापाने की साखर उतरल्याने, हे नुसतं पाहून ओळखता येत नाही. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघावी लागते, तीही वारंवार. शिरेतून क्विनाइन चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या उशाशी ग्लुकोमीटर हवाच, याबाबत मी हट्टी आहे.

सासूबाईंचं वेगळं होतं

गोळ्या उरल्यावर नात्यातल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरने सांगितलं की पेटक्यांवर क्विनाइन चांगलं. त्याचं म्हणणं निराधार नव्हतं. क्विनाइन स्नायूची उत्तेजना कमी करतं, आणि गेल्या शतकात बऱ्याच देशांत ते रात्रीच्या पेटक्यांसाठी सर्रास दिलं जात होतं. जुलैअखेर बाईंनी सलग पाच रात्री एकेक गोळी घेतली. काहीच झालं नाही, उलट झोप लागली. उरलेल्या सात त्यांनी पुरवून वापरायच्या म्हणून फक्त अगदी असह्य रात्रींसाठी राखून ठेवल्या.

त्या पाच रात्रींनंतरच्या दिवसांत त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली. ही प्रतिपिंडं विचित्र असतात. क्विनाइन रक्तात नसेल तेव्हा ती निरुपद्रवी असतात, प्लेटलेटना ओळखतही नाहीत. क्विनाइन आलं की ते प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचं ग्लायकोप्रोटीन आणि प्रतिपिंड या दोघांमध्ये चपखल बसतं आणि त्यांना एकमेकांना घट्ट चिकटवतं. मग प्लीहा त्या प्लेटलेट भराभर गिळत सुटते. मात्रेचा इथे फारसा संबंध राहत नाही. ऑगस्टमध्ये एक गोळी, ऑक्टोबरमध्ये एक, डिसेंबरमध्ये एक. मुलाला रोवणी, कापणी आणि चुरणीचे दिवस विचारले, तिन्ही खेपा त्याच दिवसांतल्या निघाल्या. बाराचा हिशेबही लागला : पाच, तीन आणि उरलेल्या चार.

चढवलेल्या पिशव्या वाया का गेल्या तेही यातून समजतं. निरोगी माणसात क्विनाइनचं अर्ध-आयुष्य ११ तासांच्या आसपास असतं. औषध रक्तात असेपर्यंत, दोन-अडीच दिवस, दात्याच्या प्लेटलेटही त्याच वाटेने जातात. त्यानंतर आकडा आपोआप वर येतो, मग तेव्हा पपईचा रस चालू असो की स्टिरॉइड.

हा दुष्परिणाम नवा नाही. क्विनाइनमुळे अंगावर रक्ताचे डाग उठल्याची नोंद १८६५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली होती. १९६७ मध्ये अमेरिकेत 'कॉकटेल पर्प्युरा' असं नाव पडलं, कारण टॉनिक वॉटरमध्येही क्विनाइन असतं. अमेरिकेत त्याची मर्यादा लिटरला ८३ मिलिग्रॅम आहे, आणि ज्याच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत त्याला ग्लासभरही पुरतं.

काहींच्या बाबतीत प्रकरण प्लेटलेटपुरतं थांबत नाही. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, लाल पेशी फाटतात, मूत्रपिंडं बंद पडतात, डायलिसिसची पाळी येते. म्हणून आम्ही पहिले चार दिवस रोज क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एलडीएच (पेशी फाटताहेत का ते कळायला) बघत होतो आणि रक्तपट्टीवर तुटक्या पेशी शोधत होतो. सुदैवाने काही निघालं नाही.

उपचार

उपचार एका ओळीत सांगण्याजोगा होता : क्विनाइन बंद. तोंडात रक्ताचे फोड असताना प्लेटलेट ५,००० असणं म्हणजे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती, त्यामुळे पूर्ण विश्रांती, इंजेक्शन शक्य तितकी कमी, अँस्पिरिनसारखी वेदनाशामकं वर्ज्य. रक्तस्राव वाढला तर वापरायला प्लेटलेट मागवून ठेवल्या होत्या, लागल्या नाहीत. या प्रकारात स्टिरॉइडचा उपयोग होतो असा पुरावा नाही, पण आठ आठवडे घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडता येत नाही, ते महिनाभरात उतरवलं. बोन मॅरो तपासणी रद्द केली.

दुसऱ्या दिवशी ९,०००, तिसऱ्या दिवशी ३१,०००, पाचव्या दिवशी १,२४,०००, आठव्या दिवशी २,४०,०००.

निदान किती पक्कं, हा प्रश्न एका तरुण सहकाऱ्याने विचारला आणि तो योग्य होता. औषधाआधी प्लेटलेट ठीक, औषधानंतर घसरण, औषध थांबल्यावर पूर्ण सुधारणा, बाकीची औषधं चालू असूनही ती टिकलेली, इतर कारणं वगळलेली, आणि औषध पुन्हा पोटात गेल्यावर तोच आजार पुन्हा. या सगळ्या कसोट्या पूर्ण होत होत्या. शेवटची कसोटी आपण मुद्दाम कधीच घ्यायची नसते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. बाईंनी ती नकळत दोनदा दिली होती.

पेटक्यांचं काय

बाईंचा मूळ त्रास खराच होता आणि 'गोळी बंद करा' एवढं सांगून त्यांना घरी पाठवणं मला पटलं नसतं. भरती होताना त्यांचं पोटॅशियम ३.१ होतं, सोडियमही कमी. थायाझाइड लघवीवाटे क्षार काढून टाकतं, त्यात दिवसभर बांधीत घाम गाळणं. रक्तदाबाच्या गोळीने पेटके वाढले, आणि पेटक्यांसाठी क्विनाइन आलं, असा हा प्रवास मला दिसतो. थायाझाइड बंद करून दुसरं औषध दिलं. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाचा जमिनीवर ठेवून पोटऱ्या ताणायचा व्यायाम सुनेसमोर करवून घेतला.

क्विनाइनने पेटके कमी होतात हे चाचण्यांत दिसलंय, पण किती? दोन आठवड्यांतली पेटक्यांची संख्या सुमारे २८ टक्क्यांनी आणि तीव्रता १० टक्क्यांनी कमी झाली. एवढ्या फायद्यासाठी हा धोका घेणं मला कुठल्याच रुग्णाच्या बाबतीत योग्य वाटत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ मध्ये पेटक्यांसाठी चिठ्ठीविना होणारी विक्री थांबवली. २००६ मध्ये मान्यता नसलेली क्विनाइनची औषधं बाजारातून काढायला लावताना त्यांनी १९६९ पासूनच्या ६६५ गंभीर घटना आणि ९३ मृत्यूंचा हवाला दिला होता.

हिवतापातही क्विनाइनची जागा आता मागची आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि भारतातल्या राउरकेल्यातले मिळून १,४६१ गंभीर रुग्ण होते. क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेमिसिनिन गटातलं आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. साखर उतरण्याचे प्रकारही क्विनाइनच्या गटात जास्त होते. तरी ते औषध पूर्ण हद्दपार झालेलं नाही, आर्टेसुनेट हाताशी नसेल तिथे ते जीव वाचवतं, म्हणून त्याचे त्रास माहीत असणं भाग आहे.

बाईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं : क्विनाइन आणि त्याच्या जवळचं क्विनिडिन कधीही नको, टॉनिक वॉटर नको, हिवताप झाल्यास आर्टेमिसिनिन गटातलं औषध द्यावं. हीच नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंच्या वहीत करवून घेतली, कारण त्या भागात पुढच्या पावसाळ्यात त्यांना फाल्सिपेरम होणं सहज शक्य होतं. दुष्परिणामाचा अहवाल भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाला पाठवला. हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

सहा महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा प्लेटलेट २,३०,००० होत्या, साखर पूर्ववत झाली होती. पोटरीत गोळा महिन्यातून एखाद्या वेळी येतो, तेवढ्यापुरतं उठून भिंतीशी उभी राहते, असं त्या म्हणाल्या.